हंगाम संपत आला की पंचाचे मन कुठे चुकते? (बास्केटबॉल पंचांसाठी चर्चा)

लीड_ट्रेल (नागपूर)
२१ एप्रिल, रात्री १०:५०

नमस्कार. मी गेली ११ वर्षे विदर्भात बास्केटबॉलचे पंचकाम करत आहे. आपल्याकडे हंगामाला ठरलेली सुरुवात आणि ठरलेला शेवट नसतो. पावसाळ्यात शालेय स्पर्धा सुरू होतात, १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुलामुलींचे सामने जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्या चढत जातात, मध्ये आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आणि जिल्हा संघांच्या निवडी येऊन जातात, आणि परीक्षा आटोपल्या की एप्रिल-मेमध्ये दिव्यांच्या उजेडातल्या निमंत्रितांच्या स्पर्धा लागतात. सध्या मी या शेवटच्या टप्प्यात आहे. पुढच्या १२ दिवसांत माझ्या वाट्याला ९ सामने आले आहेत आणि त्यांतला शेवटचा अंतिम सामना आहे. पाय चांगले आहेत. मनाची मात्र खात्री वाटत नाही, आणि त्याविषयी आपण पंचमंडळी आपापसांतही फारसे बोलत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

निमित्त फेब्रुवारीतल्या एका उपांत्य सामन्याचे आहे. चौथ्या क्वार्टरचे ४० सेकंद उरले होते आणि बचाव करणारा संघ एका गुणाने पुढे होता. त्या संघाचा ११ क्रमांकाचा मुलगा बास्केटच्या वाटेत उभा राहिला, समोरून वेगाने आलेला खेळाडू त्याच्या छातीवर आदळला, मुलगा पाठीवर पडला आणि चेंडू बास्केटमध्ये गेला. मी लीड (बास्केटच्या बाजूचा पंच) होतो, बेसलाइनवर, म्हणजे बास्केटमागच्या रेषेवर, जेमतेम चार मीटर अंतरावर, आणि मध्ये कोणीही नव्हते. माझी शिट्टी वाजली नाही. या मुलाचे पाच सामने त्या हंगामात मी केले होते. जरासा धक्का लागला की तो पडून दाखवतो, हे आम्हा सगळ्या पंचांना पाठ झाले होते, आणि त्याबद्दल मी स्वतः त्याला एकदा ताकीदही दिली होती. बास्केट धरली गेली आणि त्याचा संघ एका गुणाने हरला.

दुसऱ्या दिवशी एका पालकांनी मोबाइलवर घेतलेले चित्रण माझ्यापर्यंत आले. मुलाचे दोन्ही पाय जमिनीवर होते, तोंड प्रतिस्पर्ध्याकडे होते, तो आधीपासून तिथे उभा होता आणि धक्का सरळ छातीवर बसला होता. कायदेशीर बचावासाठी नियमाला जे लागते ते सर्व तिथे होते आणि तो निखालस चार्ज, म्हणजे आक्रमकाचा फाउल, होता. मी ते चित्रण वीसेक वेळा पाहिले असेल. त्या क्षणी मी तो मुलगा पाहिलाच नव्हता. त्याच्याबद्दलचे माझे जुने मत तेवढे मला दिसले होते.

तेव्हापासून माझी अशी धारणा झाली आहे की हंगामाच्या शेवटी पंच दमल्यामुळे जितका चुकतो, त्याहून अधिक तो आठवणींमुळे चुकतो. ऑगस्टमध्ये संघ नवे असतात, मुले उन्हाळ्यात उंच झालेली असतात, त्यामुळे आपल्याला निमूटपणे पाहावेच लागते. एप्रिलपर्यंत कोण ओरडतो, कोण पडतो, कोणता प्रशिक्षक रेषा ओलांडून आत येतो हे सगळे डोक्यात साठलेले असते, आणि दमलेले मन पाहण्याचे कष्ट टाळून त्या साठ्यातून निर्णय काढून देते. निर्णय झटपट सुचतो, त्यामुळे तो आपल्याला अनुभवाचा वाटतो.

यावर मी स्वतःपुरते काही उपाय सुरू केले आहेत, ते सांगतो. नियमाप्रमाणे सामन्याच्या २० मिनिटे आधी पंच कोर्टवर हवेत आणि आपला अधिकार तिथून सुरू होतो. मी आता तासभर आधी मैदानावर पोहोचतो. पहिली काही मिनिटे कोणाशीही न बोलता एका बाजूला बसतो आणि वहीच्या एका पानावर त्या दोन संघांबद्दल मनात जे जे आहे ते लिहून काढतो: मागच्या सामन्यातला वाद, कोणाचा राग, कोणाविषयीची सहानुभूती, अगदी एखाद्या प्रशिक्षकाने चहाला बोलावले होते हेसुद्धा. मग वही बंद करून बॅगेत ठेवतो. लिहिल्यावर ते मनातून जात नाही, पण ते काय आहे हे मला ठाऊक होते, आणि सामन्यात ते वर आले की मी त्याला ओळखतो.

खेळ चालू असताना लीडवर असलो की मनात तीनच शब्द ठेवतो: ‘बचाव, पाय, छाती’. म्हणजे आधी बचाव करणाऱ्याकडे पाहायचे, मग त्याचे पाय, मग धक्का नेमका कुठे लागला ते. चेंडू थांबला की एक लांब श्वास सोडून मनातल्या मनात परिस्थिती म्हणतो: कोणता क्वार्टर, दोन्ही संघांचे फाउल किती, बाण (जंप बॉल झाल्यास चेंडू कोणाला मिळणार ते दाखवणारा) कोणाकडे, शॉट क्लॉकवर (शॉट टाकायला उरलेले सेकंद) काय. हे म्हणताना मागच्या शिट्टीचा विचार डोक्यात राहू शकत नाही, एवढाच त्याचा उपयोग आहे आणि तो मोठा आहे.

सर्वांत अवघड जाते ते चूक झाल्यावर. एका बाजूवर अन्याय झाला असे वाटले की पुढच्या दोन-तीन मिनिटांत त्यांच्या बाजूने एखादी शिट्टी आपोआप वाजते. या भरपाईच्या शिट्टीने एका चुकीच्या दोन चुका होतात, हे मी नव्या पंचांना शिबिरात सांगतो आणि तरीही यंदा माझ्याकडून ती दोनदा वाजली.

आता प्रश्न. अंतिम सामन्यात तोच ११ क्रमांकाचा मुलगा असण्याची दाट शक्यता आहे. मी हा सामना घ्यावा का? आणि आपण सर्व जण शेवटच्या आठवड्यांत मनाची तयारी कशी करता, हे सविस्तर वाचायला आवडेल.

जुना_पंच (सोलापूर)
२२ एप्रिल, सकाळी ६:१५

आपण चूक इतक्या स्पष्टपणे लिहिली, याबद्दल प्रथम आपले मनापासून अभिनंदन. मी ३० वर्षे शिट्टी वाजवली, आता थांबलो आहे, आणि माझ्याकडेही अशी दोन-तीन चित्रणे आहेत. फक्त ती मोबाइलवर नाहीत, डोक्यात आहेत.

एका मुद्द्यावर मात्र माझे मत वेगळे आहे. आपल्या लेखनातून असा अर्थ निघू शकतो की पंचाने कोऱ्या पाटीने कोर्टवर जावे. ते शक्यही नाही आणि योग्यही नाही. आंतरराष्ट्रीय सामने करणारे पंच संघांचे आधीचे सामने मुद्दाम पाहून येतात. एखादा संघ पूर्ण कोर्टवर प्रेस (दबावाचा बचाव) लावतो, हे ठाऊक असेल तर ट्रेलने, म्हणजे खेळामागून येणाऱ्या पंचाने, कुठे थांबायचे आणि चेंडू अर्ध्या कोर्टपलीकडे नेण्याच्या ८ सेकंदांच्या मोजणीकडे कधी लक्ष द्यायचे हे आधी ठरवता येते. एखाद्या संघाचा उंच सेंटर पाठीवर खेळाडू घेऊन खेळतो, हे ठाऊक असेल तर लीडने कोणत्या कोनात उभे राहायचे ते ठरवता येते. ही खेळाची माहिती झाली आणि ती आपल्याला योग्य जागी उभे करते. ‘हा मुलगा नाटकी आहे’ हे माणसाबद्दलचे मत झाले आणि ते आपल्या वतीने निर्णय देऊन मोकळे होते. आपल्या वहीत दोन रकाने करा. पहिला सहकाऱ्याबरोबर मोठ्याने वाचा, दुसरा बॅगेत ठेवा.

सामना घ्यावा की नाही, याचा निर्णय एकट्याने करू नका. संयोजकांना आणि पंचप्रमुखांना जे घडले ते दोन वाक्यांत सांगा आणि त्यांना ठरवू द्या. त्यांनी ठेवले तर पूर्ण मनाने करा. आपण गुपचूप माघार घेतली तर तो मुलगा पुढच्या हंगामातही आपल्या मनात तसाच पडलेला राहील.

शरीराबद्दल थोडे. दिवसाला चौथा सामना करणारा पंच काय पाहतो, हे मी जवळून पाहिले आहे. मे महिन्यात आपल्याकडे रात्री आठलाही सिमेंटचे कोर्ट खालून तापलेले असते. दोन सामन्यांच्या मध्ये बूट काढून पाय वर करून दहा मिनिटे बसणे, मीठ-साखर-लिंबू घातलेले पाणी पिणे आणि आदल्या रात्री पुरेसे झोपणे याला कोणतेही मानसिक तंत्र पर्याय ठरत नाही.

टेबलावरून (पुणे)
२२ एप्रिल, दुपारी १:३०

मी पंच नाही. मी गुणलेखक आणि टायमर म्हणून काम करतो. मनाच्या तयारीच्या चर्चेत टेबल नेहमी विसरले जाते, म्हणून लिहीत आहे.

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकचा अमेरिका-सोव्हिएत संघ अंतिम सामना सर्वांना ठाऊक असेल. अमेरिकेच्या डग कॉलिन्सने दोन फ्री थ्रो टाकून ५०-४९ अशी आघाडी मिळवून दिली तेव्हा तीन सेकंद उरले होते. त्यानंतर ते तीन सेकंद पुन्हा पुन्हा खेळवले गेले. टाइम-आउट मागितला होता की नाही यावर गोंधळ झाला, एकदा तर घड्याळ नीट लावून होण्याआधीच चेंडू आत टाकला गेला, फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे सरचिटणीस विल्यम जोन्स प्रेक्षकांतून उतरून मध्ये पडले, आणि शेवटी अलेक्झांडर बेलोवच्या बास्केटने सोव्हिएत संघ ५१-५० असा जिंकला. ब्राझीलचे पंच रेनाटो रिगेट्टो यांनी गुणपत्रकावर सही करण्यास नकार दिला आणि अमेरिकी खेळाडूंनी रौप्यपदके आजवर स्वीकारलेली नाहीत. त्या गोंधळाचे मूळ ब्लॉक-चार्जसारख्या (धक्क्यात चूक बचावाची की आक्रमकाची) एखाद्या निर्णयात नव्हते. टाइम-आउट, घड्याळ, हॉर्न आणि पंच यांच्यातला दुवा तुटला होता.

हंगामाच्या शेवटी आमच्याकडे नेमके हेच सुटते. दुसऱ्या अर्धात संघाला ३ टाइम-आउट असतात, पण चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या २ मिनिटांत त्यांतले जास्तीत जास्त २ घेता येतात; पहिला त्याआधी घेतला नाही तर तो जातो. ऑगस्टमध्ये मी हे प्रत्येक सामन्यात तपासतो. एप्रिलमध्ये हात आपोआप रेघ मारत जातो, आणि मग १ मिनिट ५० सेकंद असताना प्रशिक्षक अंगावर येतात. शालेय सामन्यांत तर अनेकदा शॉट क्लॉकवर शिकाऊ मुलगा बसलेला असतो, आणि आक्रमक रिबाउंडनंतर (चुकलेला शॉट त्याच संघाने परत पकडल्यावर) २४ ऐवजी १४ सेकंद लावायचे, हे दमल्यावर त्याच्या हातून हमखास राहते.

माझी विनंती एवढीच आहे की पंचांनी सामन्याआधीच्या बोलण्यात आम्हालाही घ्यावे. फ्री थ्रो चुकीच्या खेळाडूने टाकले, किंवा मिळायला हवे होते ते दिलेच गेले नाहीत, अशा चुका नियमाने ठरवलेल्या मर्यादेत दुरुस्त करता येतात; पण त्यासाठी टेबलावरच्या माणसाने वेळेत हात वर करावा लागतो. पंचाचा चेहरा कठोर दिसला की नवखा गुणलेखक हात वर करत नाही. मी नवखा असताना एकदा केला नव्हता, आणि ते दोन गुण मला अजून आठवतात.

मानसवाचक (नाशिक)
२२ एप्रिल, रात्री ९:०५

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो आणि माझी मुलगी बास्केटबॉल खेळते, म्हणून दोन्ही बाजूंनी या धाग्यात रस आहे.

लीड_ट्रेल यांनी ज्याला ‘जुने मत दिसले’ म्हटले आहे, तो निव्वळ बोलण्याचा प्रकार नाही. दृश्य अस्पष्ट असेल, वेळ कमी असेल आणि मेंदूवर भार असेल, तेव्हा अपेक्षेने रिकाम्या जागा भरल्या जातात, ही आकलनाची सर्वसाधारण रीत आहे. प्रेक्षकांच्या आवाजाचेही तसेच आहे. इंग्लंडमध्ये फुटबॉल पंचांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४० पंचांना एकाच सामन्यातले ४७ प्रसंग चित्रफितीवर दाखवले. काहींना प्रेक्षकांचा आवाज ऐकू येत होता, काहींना नाही. ज्यांना आवाज ऐकू येत होता त्यांनी यजमान संघाविरुद्ध कमी फाउल दिले. तो प्रयोग फुटबॉलचा होता आणि पडद्यावरचा होता, त्यामुळे तो जसाच्या तसा आपल्या कोर्टला लावता येणार नाही. तरीही एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे: आवाजामुळे पंचांनी यजमानांना काही मुद्दाम बहाल केले नव्हते, त्यांच्याविरुद्धची शिट्टी घशातच राहत होती. फेब्रुवारीत आपली शिट्टीही वाजलीच नव्हती.

म्हणून माझी सूचना अशी आहे की सामन्यानंतर वहीत न वाजलेल्या शिट्ट्यांसाठी एक ओळ ठेवा. दिलेला चुकीचा निर्णय प्रशिक्षक आपल्याला आठवून देतातच. न दिलेला निर्णय लवकर पुसला जातो, आणि हंगामाच्या शेवटी त्यांचीच संख्या वाढत असावी असा माझा अंदाज आहे. श्वासाबद्दल आपण लिहिलेत त्यात एवढीच भर घालतो की श्वास घेण्यापेक्षा सोडण्याला अधिक वेळ द्यावा. चारपर्यंत मोजून घ्यावा आणि सहापर्यंत मोजून सोडावा. हे मी परीक्षेला घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकवतो आणि फ्री थ्रोच्या वेळी तेवढी सवड नक्की मिळते.

मधली_रेघ (कोल्हापूर)
२३ एप्रिल, सकाळी ११:२०

आतापर्यंतचे सर्व प्रतिसाद उपयुक्त आहेत. मला सहनशक्तीविषयी लिहायचे आहे.

मी महिला पंच आहे आणि पुरुषांचे सामनेही करते. ऑगस्टमध्ये बेंचवरून एखादा शेरा आला तर मी शांतपणे जवळ जाऊन एक वाक्य बोलते आणि विषय संपतो. एप्रिलपर्यंत तेच शेरे इतक्या वेळा ऐकून झालेले असतात की माझ्यात दोहोंपैकी एक बदल झालेला असतो. कधी पहिल्याच शब्दाला टेक्निकल (गैरवर्तनाचा फाउल) देण्याची घाई होते, तर कधी इतकी बधिरता येते की ज्याला टेक्निकल द्यायलाच हवा होता तेही मी ऐकून सोडून देते. दोन्ही वेळा समोरच्या माणसाला शिक्षा किंवा सूट मिळते ती मागच्या आठ महिन्यांतल्या इतर माणसांच्या वागण्याची.

यावर मी असे करते. सामन्याआधी सहकाऱ्याबरोबर रेषा ठरवते आणि ती शब्दांत ठरवते. ‘काय सर, फाउल आहे ना’ हे चालेल. हातवारे करून प्रेक्षकांना चिथावणे चालणार नाही. व्यक्तीबद्दल, बाई असण्याबद्दल, शरीराबद्दल एक शब्दही चालणार नाही, आणि तो कोणी ऐकला तरी शिट्टी त्याने वाजवायची. माझ्याकडे पाहायचे नाही, मला विचारायचे नाही. हे शेवटचे वाक्य मला फार आधार देते, कारण मग प्रत्येक वेळी माझी बाजू मीच लढवते आहे असे वाटत नाही. ज्या सहकाऱ्याला हे सांगावे लागत नाही त्याच्याबरोबर माझे सामने सर्वांत चांगले होतात, आणि हे मी अनेक वर्षांच्या अनुभवावरून लिहीत आहे.

सामना संपल्यावरचा अर्धा तासही तयारीत धरा. मी सामन्यानंतर लगेच मोबाइल उघडत नाही. पंचांच्या गटात त्याच रात्री सामन्याची चिरफाड सुरू होते, खेळाडूंची नावे घेऊन मते दिली जातात, आणि लीड_ट्रेल म्हणतात तो आठवणींचा साठा तिथेच वाढत जातो. ज्याला मी कधी पाहिलेही नाही, अशा खेळाडूबद्दल माझे मत आधीच तयार झालेले असते.

नवी_शिट्टी (जळगाव)
२३ एप्रिल, दुपारी ४:४५

माझे पंचकामाचे हे पहिलेच वर्ष आहे. मला मते तयार व्हायला अजून अवकाश आहे, पण भीती पुष्कळ आहे. शेवटचे दोन मिनिट आले की मला नियमच आठवेनासे होतात. मागच्या आठवड्यात बाहेरून चेंडू टाकण्याआधीच आत फाउल झाला आणि मी आणि सहकारी एकमेकांकडे पाहत राहिलो. यावर काय करावे?

लीड_ट्रेल (नागपूर)
२३ एप्रिल, रात्री ११:१०

सर्वांचे आभार. जुना_पंच सर, दोन रकान्यांची सूचना आजच अमलात आणली आणि ती माझ्या पद्धतीपेक्षा सरस आहे, हे मान्य करतो. मी संघांचा खेळही बॅगेत कोंडून ठेवत होतो. मधली_रेघ ताई, आपण लिहिलेले मी माझ्या दोन सहकाऱ्यांना वाचून दाखवले. यापुढे आमच्या सामन्याआधीच्या बोलण्यात ती रेषा असेल. टेबलावरून दादा, तुमचा हात वर दिसेल असे आम्ही पाहू.

नवी_शिट्टी, भीती वाटते तेव्हा मन शोधाशोध करू लागते आणि तेवढा वेळ खेळात नसतो, म्हणून शोधायला लागू नये अशी व्यवस्था करा. आपण लिहिलेल्या प्रसंगाचा नियम २०२२ च्या फिबा नियमांपासून असा आहे: चौथ्या क्वार्टरच्या किंवा जादा वेळेच्या शेवटच्या २ मिनिटांत, चेंडू अजून पंचाच्या किंवा बाहेरून टाकणाऱ्याच्या हातात असताना बचाव करणाऱ्याने कोर्टवर साधा फाउल केला, तर समोरच्या संघाला एक फ्री थ्रो आणि पुन्हा चेंडू. संघाचे फाउल किती झाले आहेत, हे तिथे पाहायचे नाही. आता हे वाचून सोडून देऊ नका. रिकाम्या कोर्टवर उभे राहा, शिट्टी वाजवा, हात वर करा, टेबलाकडे जाऊन खुणा करा आणि फ्री थ्रोच्या रेषेकडे बोट दाखवा. असे आठ-दहा प्रसंग अंगात मुरवले की शेवटच्या दोन मिनिटांत हात आधी हलतो आणि डोके मागून येते.

हडसनकाठी (न्यू जर्सी)
२४ एप्रिल, सकाळी ७:३०

मी मूळचा साताऱ्याचा. इथे शाळांचे सामने करतो. आमचा हंगाम नोव्हेंबरअखेर ते मार्च, आणि शेवटी बाद फेरीचे सामने कोणाला मिळणार याची यादी येते. या यादीबद्दल कोणी बोलत नाही, पण फेब्रुवारीत प्रत्येक पंचाच्या मनात ती असते. निरीक्षक बसलेला दिसला की आपण दिसण्यासाठी शिट्टी वाजवू लागतो, किंवा वाद नको म्हणून वाजवत नाही. मी दोन्ही केले आहे. आता फेब्रुवारी सुरू झाला की घरी सांगून टाकतो की यंदा यादीत नाव येणार नाही असे धरून चालू, आणि मार्चच्या त्या शनिवार-रविवारी घरचा दुसरा कार्यक्रम ठरवून ठेवतो. नाव आले तर तो मोडतो. हे करायला लागल्यापासून माझे फेब्रुवारीचे सामने सुधारले आहेत, असे माझे सहकारी सांगतात.

एनबीए या इथल्या व्यावसायिक लीगमधली दोन उदाहरणे इथे लागू पडतात. १५ एप्रिल २००७ रोजी, साखळी फेरी संपायला आठवडाही उरला नसताना, जोई क्रॉफर्ड या अतिशय अनुभवी पंचाने सॅन अँटोनियोच्या टिम डंकनला बेंचवर बसून हसल्याबद्दल टेक्निकल देऊन बाहेर काढले. लीगने क्रॉफर्डना उरलेल्या हंगामापुरते निलंबित केले. पुढच्या हंगामात ते परत आले, आणखी अनेक वर्षे त्यांनी काम केले, आणि मधल्या काळात क्रीडा मानसशास्त्रज्ञाची मदत घेतल्याचे त्यांनी उघडपणे सांगितले. मधली_रेघ ताईंनी लिहिलेल्या त्या पहिल्या प्रकाराचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही, आणि क्रॉफर्ड यांनी ते लपवले नाही, याचा मला फार आदर वाटतो.

दुसरे उदाहरण असे की मार्च २०१५ पासून एनबीए चुरशीच्या सामन्यांतल्या शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल जाहीर करते. त्यात दिलेल्या निर्णयांबरोबर ‘द्यायला हवा होता पण दिला नाही’ असाही स्वतंत्र प्रकार असतो. मानसवाचक सरांची ‘न वाजलेली शिट्टी’ तिथे अधिकृतपणे नोंदली जाते.

बेंचवरचा (लातूर)
२४ एप्रिल, रात्री ८:४०

मी प्रशिक्षक आहे आणि पंचांच्या या चर्चेत बोलावे की नाही याचा विचार करून लिहीत आहे. बेंचवरून आम्हाला हंगामाअखेरचा पंच लांबून ओळखू येतो. तो नजर देत नाही. प्रश्न विचारला की पाठ फिरवतो. ऑगस्टमध्ये तोच माणूस ‘सर, पाय हलला होता’ असे चालता चालता सांगून जातो आणि आमचे समाधान होते, निर्णय पटला नाही तरीही. चार शब्दांचे उत्तर मिळाले की माझा आवाज खाली येतो, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. आणि हेही सांगतो की मे महिन्यात माझ्याही डोक्यात पंचांची यादी असते. ‘हे आले म्हणजे आज आपले काही खरे नाही’ असे मी मुलांसमोर बोललो आहे. ते मी बंद करीन.

लीड_ट्रेल (नागपूर)
४ मे, सकाळी ९:००

अंतिम सामना परवा झाला. संयोजकांना आणि पंचप्रमुखांना मी फेब्रुवारीचा प्रसंग सांगितला होता. त्यांनी दोन्ही प्रशिक्षकांना कल्पना दिली आणि मला कायम ठेवले. ११ क्रमांकाच्या मुलाचा संघ होताच.

वहीच्या दुसऱ्या रकान्यात मी त्याच्याबद्दल लिहिले तेव्हा मला धक्का बसला. ‘नाटकी’ हा शब्द तिथे नव्हताच. तिथे लिहिले गेले होते की याचे आपण काहीतरी देणे लागतो. म्हणजे भरपाईची शिट्टी दोन महिने खिशात घेऊन मी फिरत होतो. वही लिहिली नसती तर हे मला कळले नसते. सहकाऱ्याला मी ते जसेच्या तसे सांगितले आणि विनंती केली की पहिल्या क्वार्टरमध्ये माझ्याकडून त्याच्या बाजूने काही हलके वाजले तर विश्रांतीत मला सांग.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये तो मुलगा पडला, धक्का नगण्य होता, मी शिट्टी वाजवली नाही. तिसऱ्यात तो पुन्हा पडला. बचाव, पाय, छाती. तिन्ही होते, आणि मी चार्ज दिला. चौथ्या क्वार्टरमध्ये माझ्याकडून एक स्टेप्स (चेंडू न टप्पावता जास्त पावले टाकणे) सुटले, ते त्याच्याच संघाचे होते, आणि समोरचे प्रशिक्षक उभे राहिले. मी ‘सर, माझ्या कोनातून पाय दिसला नाही’ असे म्हणालो आणि ते बसले. सामना सात गुणांनी संपला, त्यामुळे शेवटच्या दोन मिनिटांची आमची तयारी तपासलीच गेली नाही. न वाजलेल्या शिट्ट्यांच्या ओळीत त्या रात्री तीन नोंदी झाल्या. त्यांतली एक मला अजून निश्चित ठरवता आलेली नाही.

नवी_शिट्टी (जळगाव)
४ मे, दुपारी १२:१०

उद्या माझा या हंगामातला शेवटचा सामना आहे, १७ वर्षांखालील मुलींचा. सहकाऱ्याला विचारायचे प्रश्न वहीत लिहिले आहेत: प्रेस लागला तर ट्रेल कुठे थांबणार, बेंचवरचे काय चालेल आणि काय नाही, शेवटच्या २ मिनिटांत चेंडू आत टाकण्याआधीच्या फाउलची खूण कोण करणार, शेवटच्या शॉटच्या वेळी घड्याळ कोण पाहणार. रिकाम्या कोर्टवर काल संध्याकाळी अर्धा तास खुणा केल्या. काही राहिले असेल तर सांगावे.

जुना_पंच (सोलापूर)
४ मे, दुपारी १२:४०

टेबलावर उद्या कोण बसणार आहे, ते विचारून घ्या आणि सामन्याआधी त्यांच्याजवळ जाऊन सांगा की काही चुकले तर निःसंकोच हात वर करा. बाकी यादी पूर्ण आहे.